आपल्या टाकीतला ऊस

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला विषय दिला होता ‘पर्यावरण’. पण खाली पार्किंगमध्ये सध्या एकच चर्चा आहे, पेट्रोलमधल्या इथेनॉलची. माझी नोकरी ठाणे-बेलापूर रोडवरच्या केमिकल कारखान्यात गेली, त्यामुळे जो तो मलाच पकडतो. म्हटलं, आज सगळ्यांना एकदमच सांगून टाकू.

इथेनॉल म्हणजे साधं अल्कोहोल. उसाच्या रसापासून, मळीपासून, मक्यापासून होतं. आपल्याकडे 2001 साली तीन ठिकाणी ते प्रयोग म्हणून पेट्रोलमध्ये मिसळलं. त्यातली दोन ठिकाणं महाराष्ट्रातली, मिरज आणि मनमाड. 2003 मध्ये काही राज्यांत 5 टक्के सुरू झालं, जून 2022 मध्ये देशभराची सरासरी 10 टक्क्यांवर गेली. आता पंपावर मिळतं ते 20 टक्क्यांचं, ई-20. हे खरं तर 2030 चं उद्दिष्ट होतं.

अ‍ॅव्हरेज कमी झालं, ही तक्रार खोटी नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या चारचाकीचं मायलेज 6 ते 7 टक्के पडेल, असं नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच लिहिलंय. म्हणजे पंधरा देणारी गाडी चौदा देणार. निम्मं झालं म्हणणाऱ्यांनी मात्र आधी टायरमधली हवा बघावी! याच अहवालाने असं पेट्रोल स्वस्त असावं, असंही सुचवलं होतं. तेवढंच राहून गेलं. माझा राग आहे तो यावर.

एप्रिल 2023 नंतरच्या गाडीला काळजी नाही. जुन्या गाडीचे रबरी पाईप आणि वॉशर मात्र इथेनॉलने फुगतात, कडक होतात. गेल्या पावसाळ्यात माझ्या 2008 च्या स्कूटरचा पेट्रोल पाईप चिरला. मेकॅनिक म्हणाला, “काका, इथेनॉल!” पण पाईप सतरा वर्षांचा होता हो, सगळं खापर इथेनॉलवर कसं फोडू? दुसरं म्हणजे, इथेनॉल पाणी ओढतं. मुलांकडे परदेशी जाऊन चार-सहा महिने गाडी उभी ठेवणारे आपल्यात बरेच आहेत. त्यांनी शेजाऱ्याकडे किल्ली देऊन ती अधूनमधून फिरवून घ्यावी. नुसती जागेवर सुरू करून बंद करू नये.

आता मला खरं बोलायचंय ते पाण्याबद्दल. उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे 2,860 लिटर पाणी लागतं, हा आकडाही त्याच अहवालातला. तुमच्या गाडीत 35 लिटर ई-20 भरलं, की त्यात 7 लिटर इथेनॉल. ते उसाचं धरलं तर वीस हजार लिटर पाणी झालं. आपल्या भाषेत दहा हजारांचे दोन टँकर! टँकर मागवायची वेळ आली की आपल्या ग्रुपवर काय होतं, ते तुम्ही जाणता.

मोरबे धरणामुळे आपलं बरं चाललंय. लातूरकडे उसाचे मळे आहेत, साखर कारखाने आहेत आणि एप्रिल 2016 मध्ये त्याच लातूर शहराला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं. तेही मिरजेहूनच. 2023 ला पाऊस कमी झाला, तेव्हा डिसेंबरमध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेले कारखाने अडकले. ऑगस्ट 2024 मध्ये निर्बंध उठले. इतक्या लहरी पावसावर आपली टाकी अवलंबून ठेवायची का?

दुसरी बाजूही सांगतो. मळी हा साखरेचा उरलेला भाग, तिचं इथेनॉल होतं तेव्हा त्यासाठी उसाला वेगळं पाणी द्यावं लागत नाही. इथेनॉलचे पैसे लवकर मिळतात, त्यामुळे उसाची बिलं देणं कारखान्यांना सोपं जातं. माझा मामेभाऊ ऊस लावतो, त्याच्यासमोर मी इथेनॉलला नावं ठेवणार नाही. आता मक्याचं इथेनॉल वाढलंय. मक्याला पाणी कमी लागतं, पण कोंबड्यांचं खाद्य महागतं. अंडी घेताना आठवण ठेवा.

माझं मत विचाराल तर मळीचं, खराब धान्याचं इथेनॉल जरूर मिसळा. पाण्याला तरसणाऱ्या तालुक्यात त्यासाठी नवा ऊस नको. आणि जुनी गाडी असलेल्याला पंपावर कमी मिश्रणाचं पेट्रोल मागण्याची सोय हवी.

रविवारी सकाळी दहाला मी खाली पार्किंगमध्ये असेन. दहा-पंधरा वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल त्यांनी यावं, बॉनेट उघडून पाईप बघू. चहा कमिटीचा.