सध्या काय वाचता?

मंडळी, गांधीबागेत लुगडं घेताना आपण पोत पाहतो, धुतल्यावर रंग जाईल का, हे विचारतो. पुस्तकही तसंच पारखावं. मिटल्यावर मनात काही उरतं का?

आम्ही सध्या तुकडोजी महाराजांची ग्रामगीता वाचतो आहोत. ती 1955 साली लिहून झाली. अध्याय 41, ओव्या सोप्या. गावची सफाई, आरोग्य, शिक्षण, लग्नाचा खर्च, सारं त्यात आहे. सफाईचा भाग वाचला आणि सकाळी आम्ही खराटा हाती घेतला. म्हणून म्हणतो, पुस्तक कामाचं आहे. मात्र एका बैठकीत संपवू नका. रोज दोन पानं पुरेत.

तुम्ही काय वाचता? शेजाऱ्याला सांगा. आवडलं नाही तर तेही सांगा, दुसरं पुस्तक घ्या. पण वाचणं सोडू नका. सोडलं, की शिकलेलं अक्षर विसरतं.