खाऱ्या पाण्याच्या पिंपातील पांढरा थर

विहिरीचे पाणी जड असले म्हणजे पाणी तापवायच्या बंबाला आतून पांढरा, चिवट थर बसतो, हे आपल्याला मी सांगायला नको. शाळेच्या पुस्तकात ह्याच पाण्याला दुष्फेन पाणी म्हणतात. आज अशाच एका थराविषयी बोलायचे आहे. फक्त आपले भांडे जरा निराळे आहे. घरात काचेच्या टाकीत छोटासा समुद्र सांभाळण्याचा नाद ज्यांना असतो, त्यांच्या पिंपात हा थर बसतो.

हा छंद अमेरिकेत, जर्मनीत फार आहे. टाकीत नुसते मासे नसतात, जिवंत प्रवाळ असते. प्रवाळ म्हणजे आपले पोवळे ज्या कुळातले, ते कूळ. तो दगड नव्हे आणि झाडही नव्हे. तो प्राणी आहे. पाण्यातला चुना घेऊन तो स्वतःचे घर बांधतो. आपल्याकडे मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे, आणि तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. २००१ सालापासून प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आहे. तेव्हा समुद्रातून ते काढून घरी आणणे हा गुन्हा होय, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

समुद्रापासून शेकडो मैल दूर राहणारा माणूस खारे पाणी कोठून आणणार? तो तयार मिश्रण विकत घेतो, प्लास्टिकच्या पिंपात शुद्ध केलेल्या गोड्या पाण्यात ते ढवळतो आणि टाकीतले थोडे जुने पाणी काढून हे नवे घालतो. काही महिने गेले की पिंपाच्या आत थर दिसू लागतो. मग प्रश्न पडतो, मिश्रण वाईट निघाले काय? थर घासावा, की राहू द्यावा?

आधी समुद्राचे पाणी म्हणजे काय ते पाहू. १८७२ ते १८७६ ह्या काळात ‘चॅलेंजर’ नावाच्या ब्रिटिश जहाजाने जगभरचे समुद्र धुंडाळले. त्या सफरीतले ७७ नमुने डिटमार नावाच्या रसायनज्ञाने तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाणी कोठे कमी खारे, कोठे जास्त. पण त्यातील मुख्य क्षारांचे एकमेकांशी प्रमाण सगळीकडे जवळजवळ सारखेच! एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत खायचे मीठ सर्वांत जास्त. त्याखेरीज मॅग्नेशियम, सल्फेट, पोटॅशियम आणि सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम. म्हणून स्वयंपाकघरातले मीठ पाण्यात टाकले म्हणजे समुद्र होत नाही.

आता थराकडे वळू. थर म्हणजे एकच वस्तू नव्हे. ते तीन प्रकारचे असतात. पिंपाच्या काठावर जो पांढरा, ठिसूळ पापुद्रा दिसतो ते शिंतोडे वाळून राहिलेले मीठ. साध्या ओल्या फडक्याने ते निघून जाते. दुसरा थर तपकिरी आणि बुळबुळीत. त्यात सूक्ष्म जीव असतात, धूळ असते, न विरघळलेले बारीक कण असतात. आपल्या पाण्याच्या टाकीला आतून लागते ती शेवाळी बुळबुळ आठवा. हा थर घासल्यावर सुटतो. तिसरा मात्र पांढरा, खरखरीत आणि हट्टी. पाण्याने तो जात नाही. त्यावर शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, थेंब टाकला की फसफसून बुडबुडे येतात. हा कॅल्शियम कार्बोनेट, आपली चुनखडी. बंबातल्या थरातही मुख्यतः हीच असते.

ही चुनखडी येते कोठून? मुरंब्याचा पाक जास्त झाला म्हणजे साखरतो ना? पाकाला पेलते त्याहून जास्त साखर त्यात असते. निमित्त मिळाले की ती बाहेर पडते. समुद्राच्या वरच्या थरातील पाणी चुनखडीच्या बाबतीत असेच काठोकाठ भरलेले असते. मॅग्नेशियम तिचे खडे जमू देत नाही, म्हणून सारे सुरळीत चालते. पण पिंपात आधी मिश्रण ओतून त्यावर थोडे थोडे पाणी घातले, तर तळाशी काही वेळ फारच दाट द्राव होतो आणि चुनखडी बाहेर पडते. पाणी तापवले तरी तेच. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुनखडी कमी. म्हणूनच थर तापकाच्या दांडीवर सर्वांत आधी चढतो. आणि एकदा खरखरीत थर बसला, की नव्या कणांना चिकटायला आयती जागा मिळते.

आपल्या कोकणातली मिठागरेही हेच सांगतात. समुद्राचे पाणी आटू लागले की आधी चुनखडी खाली बसते, मग जिप्सम, आणि पाणी सुमारे दहाव्या हिश्शावर आले म्हणजे मीठ धरू लागते. हा क्रम उझिग्लियो नावाच्या शास्त्रज्ञाने १८४९ साली प्रयोगाने दाखवला. सारांश, पाण्याची साथ सर्वांत आधी सोडते ती चुनखडी.

आता हिशेब करू. शंभर लिटरच्या पिंपात एका खेपेला ५ ग्रॅम चुनखडी भिंतीला बसली असे समजा. ५ ग्रॅम म्हणजे लहान चमचाभर भुकटी. त्यात कॅल्शियम २ ग्रॅम. म्हणजे लिटरमागे २० मिलिग्रॅम. ४१० मधून २० गेले, फार तर विसावा हिस्सा. एवढ्याने काय बिघडले, असे वाटेल. पण चुनखडीत कॅल्शियमच्या जोडीला कार्बोनेटही असते, आणि त्याचा साठा समुद्राच्या पाण्यात मुळातच थोडा. तो एवढ्यानेच पाच भागांतले दोन भाग उणा होतो! प्रवाळाला घर बांधायला दोन्ही लागतात. मालक समजतो, मी ताजे पाणी घातले. आणि प्रवाळाच्या वाट्याची सामग्री पिंपाच्या भिंतीवर बसून राहिलेली असते. थर विषारी नाही, पातळ असला तर घाबरण्याचेही कारण नाही. परंतु भिंतीवर जे दिसते, ते पाण्यातून वजा झालेले असते, हे विसरता कामा नये.

उपाय सोपा आहे. आधी पिंपात सगळे पाणी घ्यावे, ते ढवळत ठेवावे आणि मिश्रण हळूहळू सोडावे. उगाच तापवू नये, आठवडेच्या आठवडे साठवू नये. थर बसलाच तर पाण्यात शिरका मिसळून काही तास भिजत ठेवावे, मऊ ब्रशाने घासावे आणि दोनतीनदा स्वच्छ खळबळून घ्यावे. शिरका आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. तांब्यापितळेचे भांडे तर ह्या कामाला वर्ज्यच, कारण तांब्याचा अंशही प्रवाळाला मारक ठरतो.

आपण म्हणाल, ह्या दूरच्या छंदाशी आमचा संबंध काय? संबंध आहे. ठिबकची नळी ज्या चुनखडीने बुजते, ती हीच. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेटचे खत एकाच टाकीत दाट कालवले तर पाणी दुधाळ होते आणि तळाशी साका बसतो. तो साका म्हणजे आपण पैसे मोजून आणलेले, पण पिकापर्यंत न पोचणारे खत. येथेही नियम तोच: एकमेकांना धरून खाली बसणारे पदार्थ दाट अवस्थेत एकत्र येऊ देऊ नयेत.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. अंड्याचे कवच, बंबातली खपली आणि मिठाचा खडा, तिन्हींवर लिंबाच्या रसाचे दोन दोन थेंब मुलांकडून टाकवून घ्या. कोण फसफसते, कोण नाही, हे त्यांचे त्यांनाच पाहू द्या. पुढे कोणत्याही भांड्याला थर दिसला, की ती मुले तो घासण्याआधी विचारतील, हा कशाचा आहे, आणि पाण्यातून काय गेले?