हिशेब चौकात वाचा

(हिवाळी व्याख्यानमालेत ढाणकी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत माझा विषय ‘नगर समित्यांचा कारभार : सुधारणेच्या दिशा’ असा छापला आहे. दिशा पुष्कळ सांगता येतील. नियमावली दुरुस्त करा, पदाधिकारी बदला, तरुण घ्या, महिला घ्या. यातलं काहीच वाईट नाही. पण माझं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. समितीचा जमाखर्च वर्षातून चार वेळा, उघड्यावर, मोठ्यानं वाचला गेला पाहिजे. आणि तो खजिनदारानं वाचायचा नाही. बाकीच्या सुधारणा याच्या मागून येतात. याच्या आधी आणल्या तर टिकत नाहीत.

७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती तुम्हाला ठाऊक आहे. शेजारच्या पुसदच्या वसंतराव नाईकांच्या समितीचा अहवाल १९६१चा, आणि त्यावरून १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या, हे तर या भागात शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. त्यात शिरत नाही. एकाच बदलाकडे बोट दाखवतो. ढाणकीत ग्रामपंचायत होती तोवर कायद्यानं ग्रामसभा होती, वर्षातून किमान चार. त्यात काम किती व्हायचं आणि गोंधळ किती, ते तुम्हीच जाणता. (हशा) पण मतदार यादीत नाव असलेला कोणीही माणूस उभा राहून “त्या नालीचे पैसे कुठं गेले?” असं विचारू शकत होता. नगरपंचायत झाली, सतरा नगरसेवक आले, मुख्याधिकारी आले आणि ग्रामसभा गेली. प्रभाग समिती म्हणाल, तर घटनेनं ती तीन लाख आणि त्यावरच्या लोकसंख्येच्या शहरांना सक्तीची केली. आपण त्यात बसत नाही. २००९ साली राज्यानं कायद्यात दुरुस्ती करून शहरांसाठी क्षेत्रसभा आणली. नगरसेवकानं आपल्या भागातल्या मतदारांना बोलवायचं, दोन वर्षांत निदान चार वेळा. हे नाव आज पहिल्यांदा ऐकणारे इथे बरेच असतील. पहिल्या रांगेतल्या नगरसेवक मंडळींनी हे अंगावर घेऊ नये, मी कोणाचा पंचनामा करायला आलेलो नाही. क्षेत्रसभा कागदावरच राहते ही तक्रार पुण्यातले नागरिकही वर्षानुवर्षं करत आले आहेत.

ग्रामसभा गेली, क्षेत्रसभा दिसत नाही. मग लोकांनी एकत्र बसून विचारायची जागा उरली कुठं? गल्लीत, लेआउटमध्ये, मोहल्ल्यात. ओपन स्पेसला कुंपण कोण घालणार, बोअरच्या मोटरीचं बिल कोण भरणार, दुर्गोत्सवाची शिल्लक कुणाकडे आहे, हे सगळं तिथंच ठरतं. म्हणून या छोट्या समितीचा कारभार मला फार मोठा वाटतो.

एका गावच्या रहिवासी मंडळाचं प्रोसिडिंग मी वाचलं आहे. गावाचं नाव सांगत नाही. सुंदर अक्षर, प्रत्येक ठरावाला सूचक, अनुमोदक, खाली ‘सर्वानुमते मंजूर’. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. दोन, वृक्षारोपण. तीन, गुणवंतांचा सत्कार. चार, ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. मी पानं उलटत गेलो. मोटर ऐनवेळी, सभामंडपाचे पत्रे ऐनवेळी, गेटचं वेल्डिंग ऐनवेळी. पैशाचा एकही विषय सभेच्या नोटिशीवर नव्हता. आणि हजेरीच्या पानावर ओळीनं सगळ्या सह्या एकाच निळ्या शाईच्या. म्हणजे सभा भरली नव्हती, रजिस्टर घरोघरी फिरलं होतं.

(श्रोत्यांतून : “सर, आमच्याकडं बी सह्या घरीच घेतेत!” मोठा हशा.)

हसा, पण सही करणारेही आपणच असतो. त्या मंडळात कोणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. अध्यक्ष भला माणूस होता, पदरचे पैसे घालणारा. पण धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट वेळेवर गेले नाहीत, नोंदीवर जुनीच नावं राहिली, आणि पुढे दोन गट पडले तेव्हा खरी कार्यकारिणी कोणती हेच ठरेना. भल्या माणसाला वाचवायलासुद्धा उघडा हिशेब लागतो.

आता अशा छोट्या समित्या काय करू शकतात ते सांगायला भिवंडी. दोन वाक्यांत सांगणार होतो, पण ते दोन वाक्यांत मावणारं नाही. यंत्रमागांचं शहर. १९७० साली तिथं भयंकर दंगल झाली, १९८४ साली पुन्हा. १९८८ला सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. शांतता समित्या तोवरही होत्या. त्यात नेते असायचे, गाव पेटल्यावर बैठक व्हायची, चहा व्हायचा. खोपड्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या केल्या. हिंदू आणि मुसलमान एकत्र, साधी माणसं, आणि त्यांच्याबरोबर त्या भागाचा साधा पोलीस. तिथं चर्चा कशाची? दंगलीची नव्हे. तुंबलेल्या गटाराची, बंद दिव्याची, घरातल्या भांडणाची. एका समाजाचा माणूस दुसऱ्याच्या नळाची तक्रार ऐकतोय, त्यावर बोलतोय. डिसेंबर १९९२ आला. मुंबई जळाली, जानेवारीत पुन्हा जळाली. भिवंडी, जिची सगळ्यांना आधी धास्ती होती, ती भिवंडी शांत राहिली. मी हे तुम्हाला इतकं रंगून का सांगतोय? ढाणकीतही सगळ्या जातीधर्मांची माणसं भिंतीला भिंत लावून राहतात, आणि आठवडी बाजाराला आसपासच्या बंदी भागातली गावंच्या गावं इथं उतरतात. ओळखीचे सगळेच आहेत. पण एकमेकांसमोर बसून एका नालीवर तासभर वाद घातलेले किती? त्या वादाची सवय असलेला मोहल्ला अफवा ऐकल्यावर आधी शेजाऱ्याला विचारतो. आणि असा वाद घालायला नालीइतका, हिशेबाइतका चांगला विषय नाही, कारण त्यात प्रत्येकाचे पैसे आहेत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं म्हणतात. मेंढा-लेखाचं सविस्तर सांगायचं होतं, ते राहिलं. गडचिरोलीतलं गोंडांचं गाव, बहुमतानं निर्णय घेत नाही, सर्वसहमती होईपर्यंत बसतं, आणि २००९ साली जंगलावर सामूहिक हक्क मिळवून पुढे बांबूचा व्यवहार ग्रामसभेनं हाती घेतला. पुन्हा कधीतरी.

तर भराभर सांगतो. पैशाचा विषय ऐनवेळी घ्यायचा नाही. नोटिशीवर नसेल तर पुढच्या सभेला. सही सभेच्या जागीच, सभा संपल्यावर. वाचणारा दर वेळी नवा, चिठ्ठी टाकून काढलेला. बाई निघाली तर बाईनंच वाचायचं, नवऱ्यानं नाही. (महिलांच्या बाजूनं टाळ्या) पावत्यांची फाईल त्याच टेबलावर उघडी. वाचताना अडखळला तर अडखळू द्या. अडखळतो तिथंच लोक विचारतात.

“खजिनदाराचा अपमान होतो,” असं मागून कोणी म्हणालं. नाही होत. उलट त्याला साक्षीदार मिळतात. उद्या कुणी चहाच्या टपरीवर काही बोललं, तर शंभर माणसं सांगतील, आमच्यासमोर वाचलंय.

तारखा शोधायची गरज नाही. ग्रामसभेच्या त्या चार तारखा तुमच्या अंगवळणी पडलेल्या आहेत : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. ग्रामसभा कायद्यानं गेली, तारखा कोणी नेल्या नाहीत. आपल्या लेआउटमध्ये, आपल्या मोहल्ल्यात त्याच परत घ्या. त्याला ठराव लागत नाही, मुख्याधिकाऱ्यांची परवानगी लागत नाही, नोंदणीसुद्धा लागत नाही. येत्या २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की माणसं जमलेलीच असतात, खुर्च्याही असतात. जिलेबी वाटण्याआधी हिशेब वाचा. नंतर कोणी थांबत नाही. (हशा)

जमाखर्चाच्या वाचनाचा एकपानी नमुना मी करून आणला आहे. ज्या समित्यांचे लोक इथे आहेत, त्यांनी जाताना टेबलावरून घ्यावा. सव्वीस तारखेला कोण वाचणार याची चिठ्ठी ज्यांना आजच काढायची असेल, त्यांच्यासाठी मी खाली थांबलो आहे.