गटारात वाहणारा युरिया
(जिल्हा बैठकीतील भाषण)



उजनीच्या पाण्यावर जलपर्णी माजते, ती पेरली कोणी? कोणीच नाही. वरच्या शहरांचे सांडपाणी भीमेतून खाली येते, त्यातले नत्र खाऊन ती वाढते. वनस्पती पाण्यातले नत्र उचलते, हे आपल्याला कोणा साहेबाने शिकवायला नको.

आता गावाचा हिशेब मांडा. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण अडीच-तीन किलो नत्र जाते. हजार वस्तीचे अडीच टन झाले. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असते २० किलोच्या आसपास. म्हणजे सव्वाशे गोण्यांचा ऐवज!

हेच नत्र मुरत मुरत विहिरीत उतरते आणि नायट्रेट होते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. वरचे दूध पिणारे तान्हे लेकरू अशा पाण्याने निळे पडू शकते. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पाणी उकळले तर ते जात नाही, उलट दाट होते.

यावर रीत आहे. जर्मनीत केटे झायडेल या बाईंनी १९५० च्या दशकात पाणवनस्पतींनी सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग सुरू केले. आधी टाकीत गाळ बसू द्यायचा. पुढे तळ न झिरपणारा खड्डा, त्यात खडी, खडीत कर्दळ नाहीतर पाणकणीस. पाणी खडीतून सावकाश जाते. मुळांपाशी हवा मिळते तिथले जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात; हवा नसते तिथले त्याचा वायू करून सोडून देतात. थोडे नत्र कर्दळ स्वतः खाते.

पण कर्दळ लावली, फोटो काढला आणि विसरलो, तर काय होते? पाने तिथेच कुजतात आणि खाल्लेले नत्र पुन्हा पाण्यात येते. म्हणून वेळच्या वेळी कापा, बाहेर काढा, कंपोस्ट करा. कारखान्याचे पाणी मात्र त्यात येऊ देऊ नका. त्यातले जड धातू कंपोस्टातून तुमच्याच रानात येतील. आणि जलपर्णी लावू नका. पुरात सुटली की खालच्या गावाच्या माथी बसते.

येत्या ग्रामसभेत तीनच प्रश्न विचारा. विहिरीतले नायट्रेट शेवटचे कधी तपासले? शोषखड्डे विहिरीपासून किती लांब आहेत? आणि कर्दळ लावलीच, तर ती कापायची कोणी? उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका.