आगीच्या आधीची एकी



 सहकाराची परिषद शिरूर तालुक्यात भरते आहे, याचा आम्हा शिरूरकरांना अभिमान वाटतो. त्याला जुनं कारण आहे.

याच तालुक्यातलं करडे गाव. १८७४ च्या डिसेंबरात तिथल्या बाबासाहेब देशमुखांवर सावकाराने हुकूमनामा आणला आणि त्यांचं राहतं घर पाडायला काढलं. गाव पेटून उठलं, पण कुणी हात उगारला नाही. सावकारांशी व्यवहार बंद करायचा, एवढंच ठरलं आणि ते पाळलं गेलं. हे लोण गावोगाव गेलं. इंदापूर तालुक्यातल्या कळस गावाने तर तसा कागदच केला. सावकाराची जमीन कुणी कसायची नाही. न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार यांनी त्याचं काम करायचं नाही. जो मोडेल तो वाळीत. ज्या माणसाचा अंगठा आजवर फक्त कर्जरोख्यावर उठत होता, त्याने गावाशी केलेला हा करार होता. आपल्या सहकाराचं मूळ मला तिथे दिसतं.

ही पाळी का आली? अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं आणि कापसाचा चढलेला भाव कोसळला. त्यातच १८६७ मध्ये इंदापूरपासून सुरू झालेल्या फेरआकारणीत सारा वाढला. दाव्याला मुदत घालणाऱ्या कायद्यामुळे सावकार दर तीन वर्षांनी रोखा नवा करून घ्यायचा. थकलेलं व्याज मुद्दलात जायचं आणि त्यावर पुन्हा व्याज. फेडून फेडून कर्ज वाढतच होतं.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात भडका उडाला. दुकानं लुटली गेली, हे लपवायचं कारण नाही. पण लोक शोधत होते ते रोखे. ज्या सावकारांनी कागद मुकाट्याने दिले, त्यांना बहुधा कुणी हात लावला नाही. पुणे आणि नगर जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसं पकडली गेली, ५०१ जणांना शिक्षा झाल्या. चार वर्षांनी दख्खन शेतकरी कायदा आला. रोख्यामागचा खरा हिशेब न्यायालय तपासू लागलं, कर्जापायी कुणब्याचा तुरुंगवास थांबला.

पण सावकाराकडे न जाता नवं बियाणं, नवा बैल कशाने घ्यायचा? न्यायमूर्ती रानडे आणि सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनी १८८२ च्या सुमारास पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना मांडली. इथल्या सरकारने ती उचलून धरली, लंडनने नाकारली. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला १९०४ साल उजाडलं. वीस वर्षं वाया गेली, असं मी स्पष्ट म्हणतो. दंगा सगळ्यांच्या लक्षात राहिला; करड्याची एकी आणि पुरंदरची पेढी मात्र आपण विसरलो. यातली एक गोष्ट रयतेने स्वतः उभी केली होती, दुसरी तिच्या हाती पडलीच नाही.

आज दुपारच्या सत्रात पीककर्जाचा विषय आहे. सातबारावर नाव नसलेल्या शेतकरी बहिणींना आणि वाट्याने जमीन कसणाऱ्यांना सोसायटीचं कर्ज सहसा मिळत नाही; त्यांना आजही खासगी सावकाराचं दार गाठावं लागतं. या परिषदेने त्यावर ठराव करावा, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे. मसुदा आपल्या पिशवीत ठेवला आहे. आता अध्यक्षांनी परिषदेचं कामकाज सुरू करावं.