शवागारातील सेवा

हिंदमाताकडून परळकडे वळले की 1926 साली सुरू झालेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय लागते. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी 1968 साली देशातील पहिले हृदयरोपण येथे केले, हे पुष्कळांस ठाऊक असते. रुग्णालयांच्या शवागारांत राबणाऱ्यांविषयी मात्र समाज बोलणे टाळतो.

शव आले की त्याला ओळखचिठ्ठी बांधायची, नोंदवहीत लिहायचे, शीतपेटीत ठेवायचे. मृत्यू अपघाती वा संशयास्पद असेल तर पोलिसांच्या पंचनाम्यानंतर शवविच्छेदन होते. तेव्हा डॉक्टरांच्या हाताखाली उभे राहायचे. व्हिसेरा राखून बरण्या मोहोरबंद झाल्या की उरते सुईदोऱ्याचे काम. घरच्यांना चेहरा दिसणार आहे या जाणिवेने घातलेला टाका आणि उरकून टाकलेला टाका यांतील फरक नातलगांना सांगावा लागत नाही. चिठ्ठी चुकली, तर एका घरचा माणूस दुसऱ्याच घरी जातो. 2020 च्या महासाथीत आप्तांना जवळ येता येत नव्हते, तेव्हा अखेरचा स्पर्श बहुधा याच हातांचा होता.

बेवारस शव 1949 च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमानुसार वैद्यकीय शिक्षणासाठी देता येते. 2019 पासूनच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात 'शव हा आपला पहिला गुरू' असा पाठच आहे. गुरूला मान मिळाला, हे उत्तमच. गुरूची निगा राखणाऱ्याचे नाव मात्र विद्यार्थ्यांना क्वचितच ठाऊक असते.

या कामाचा गौरव करताना एक सावधगिरी हवी. गावगाड्यात मृत्यूचा सांगावा नेणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे जन्माच्या आधारे महारांच्या माथी मारली गेली होती. परळच्याच चाळीत अनेक वर्षे राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या जोखडाविरुद्ध लढा दिला. कनिष्ठ गावकामगारांची वतने 1958 च्या कायद्याने संपली. तेव्हा 'पवित्र सेवा' म्हणून पाठ थोपटायची आणि हातमोजे, काविळीची लस वा कायम नेमणूक यांबाबत हात आखडता घ्यायचा, हा गौरव नव्हे. काम शिकून, स्वेच्छेने व योग्य वेतनावर केले जाते, तेव्हाच त्यातला अर्थ करणाऱ्याचा स्वतःचा असतो.

ग्रामपंचायतींनाही हे लागू आहे. स्मशानभूमीत दहनाची शेड बांधताना अंदाजपत्रकातच पाण्याचा नळ, साबण ठेवण्याची जागा आणि सरण रचणाऱ्याला बसण्यापुरती खोली धरता येते.