ब्रेकचा कोड, वायरीचं दुखणं
(गोहलपुर, जबलपूर येथील व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

जबलपूर हे रेल्वेचं गाव. व्हॅक्यूम ब्रेक म्हणजे काय, हे इथल्या जुन्या मंडळींना मी सांगायला नको. आगगाडीच्या नळीतला व्हॅक्यूम गेला की ब्रेक आपोआप लागायचे. नळी तुटली, डबा सुटला, तरी गाडी थांबायची. मोटारीत नेमकं उलटं आहे. तिथे व्हॅक्यूम गेला की ब्रेकची मदतच जाते. पेडल दगडासारखं होतं. ब्रेक लागतात, पण सारा जोर पायाला लावावा लागतो. म्हणूनच मोटारीतल्या व्हॅक्यूमवर नजर ठेवणारं काहीतरी हवं, आणि आजचा विषय त्या नजर ठेवणाऱ्याच्याच दुखण्याचा आहे.

बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या समोर काळा गोल डबा दिसतो, तो ब्रेक बूस्टर. आत रबरी पडदा असतो. पाय वर असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम. पेडल दाबलं की मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे ढकलला जातो. पडदा २५ सेंटिमीटर व्यासाचा आणि दाबातला फरक ०.६ बार धरला, तर हिशेबाने सुमारे ३०० किलोचा जोर मिळतो. पेट्रोल इंजिनाला हा व्हॅक्यूम इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधून मिळतो. डिझेलला वेगळा पंप लागतो.

बूस्टरमधल्या व्हॅक्यूमवर नजर ठेवणारा सेन्सर प्रत्येक गाडीत नसतो. पण सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या इंजिनाच्या गाड्या आता बऱ्याच झाल्या आहेत, आणि तिथे तो फार कामाचा. दमोह नाक्यावर इंजिन बंद झालंय, तुम्ही पेडल दोनचारदा दाबलंत, व्हॅक्यूम उतरला, की हाच सेन्सर कॉम्प्युटरला खबर देतो आणि इंजिन पुन्हा सुरू होतं.

आता समजा स्कॅनरवर पी०५५७ हा कोड आला. मालक घाबरतो, मिस्त्री म्हणतो, ‘बूस्टर गेला.’ थांबा. हा कोड व्हॅक्यूम कमी झाल्याचा नाहीच. सेन्सरच्या सर्किटमधला व्होल्टेज खाली गेलाय, एवढंच तो सांगतो. बहुतेक सेन्सरांना तीन तारा असतात: पाच व्होल्टचा सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. चांगल्या सेन्सरचा सिग्नल साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत फिरतो. शून्यापासून का नाही? मला या बांधणीत सर्वांत हुशारीची वाटते ती हीच गोष्ट. पुष्कळ सेन्सरांत व्होल्टेज जितका कमी, तितका व्हॅक्यूम जास्त. तुटलेल्या तारेचा शून्यही खरा धरला असता, तर कॉम्प्युटरने ‘भरपूर व्हॅक्यूम आहे’ असं समजून तुम्हाला बेधडक पुढे जाऊ दिलं असतं. खालची पट्टी मुद्दाम रिकामी ठेवली आहे, म्हणून तुटलेली तार आणि खरा आकडा यांतला फरक त्याला कळतो.

तपासाची सुरुवात मात्र पायाने करायची, कारण जीव ब्रेकवर आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबा, ते कडक होईल. तसंच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. गेलं नाही, तर कोड राहू द्या बाजूला, गाडी टो करून न्या.

मग सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग. पावसाळ्यात त्याचं रबरी सील सरकलं असेल तर पिनेवर हिरवट थर दिसतो. तो नखाने खरवडून पाहिला की खाली पितळ खाल्लेलं असतं, आणि पिन समोरच्या खाचेत सैल बसते. उंदरांनी कुरतडलेली वायर तर आपल्याकडे घरोघरची गोष्ट. कपलर काढून, चावी ऑन करून, सप्लायच्या पिनेवर मल्टिमीटर लावा. पाच व्होल्ट हवेत. नसतील तर लगेच कॉम्प्युटरला दोष देऊ नका. तीच पाच व्होल्टची लाइन कित्येकदा दुसऱ्या सेन्सरांनाही जाते, आणि एसीचा प्रेशर सेन्सर आतून शॉर्ट झाला तरी बोंब ब्रेकच्या सेन्सरच्या नावाने होते. मीटरवर डोळा ठेवून एकेक कपलर काढत जा. ज्याच्यापाशी पाच व्होल्ट परत आले, चोर तिथे.

सप्लाय ठीक असेल, तर हार्नेसच्या, म्हणजे गाडीच्या वायरींच्या, बाजूला सप्लाय आणि सिग्नल या दोन पिना फ्यूजवाल्या जंपरने क्षणभर जोडा. स्कॅनरवरचा आकडा पाच व्होल्टकडे उसळला, तर वायर आणि कॉम्प्युटर दोन्ही निर्दोष, सेन्सर बदला. आकडा खालीच राहिला, तर सिग्नलची तार तुटलेली आहे किंवा बॉडीला चिकटलेली आहे. त्यासाठी बॅटरी सोडवून, कॉम्प्युटरचा कपलर काढून ओहममध्ये मोजायचं. अर्थ तुटली तर सिग्नल सहसा वर चढतो, म्हणून या कोडमध्ये अर्थवर संशय शेवटी. हा क्रम सोडून बूस्टर बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

नवा सेन्सर बसवल्यावर एक पडताळा अवश्य घ्या. इंजिन बंद ठेवून पेडल दाबून सगळा व्हॅक्यूम संपवा. आता निरपेक्ष दाब, म्हणजे पूर्ण व्हॅक्यूमला शून्य धरून दाब, मोजणाऱ्या सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटरवर आहोत. इथे तो १०१ नव्हे, ९६-९७ किलोपास्कल असतो. मॅनिफोल्डच्या सेन्सरचा आकडाही तेव्हा तेवढाच असला पाहिजे. दोन्ही जुळले, इंजिन सुरू करताच बूस्टरचा आकडा झरझर उतरला, आणि वायर हलवूनही तो उडाला नाही, तर काम झालं. माझी मालकांना विनंती आहे की बिलावर पार्टच्या किमतीशेजारी हे आकडेही लिहून मागा: सप्लाय किती होता, सिग्नल किती होता, आणि दुरुस्तीनंतर किती झाला.